पगाराच्या आधीपासून ओळखणारी माणसं

प्रश्न : मॅडम, माझं वय 39. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत प्रॉडक्शन बघतो. सकाळी आठला घर सोडतो, परत यायला साडेसात-आठ होतात. त्यानंतरही लाइन बंद पडली की फोन असतोच. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी आठ वर्षांची, आई आमच्याकडेच. शाळेपासूनचे आम्ही चौघं मित्र. एकाचं सिडकोत मेडिकल आहे, एक पुण्याला आयटीत, एकाची दिंडोरीकडे द्राक्षबाग. चौघं एकत्र शेवटचे भेटलो त्याला दोन वर्षं झाली, तेही एकाचे वडील गेले तेव्हा. बाकी ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि केकचे फोटो. मी भेटायचं म्हटलं की घरात 'रविवार एकच मिळतो, तोही मित्रांना?' असं निघतं, आणि खरं सांगायचं तर ते मला चुकीचं वाटत नाही. कामाचा आणि घराचाच मेळ बसत नसताना मैत्री टिकवण्याचा आटापिटा करावा का? की ही तरुणपणाची चैन होती, आता सोडून द्यायची?

उत्तर : आधी एक गोष्ट मोजून बघा. दिवसभरात तुम्हाला 'अरे' म्हणणारी माणसं किती?

कंपनीत तुम्ही 'सर' आहात. गेटवरच्या वॉचमनपासून वेंडरपर्यंत सगळ्यांचे सर. वरच्यांसाठी तुम्ही आडनाव आहात. घरी बाबा, सोसायटीत 'साहेब', सासुरवाडीला 'जावईबापू'. आई अरे म्हणते, पण तिच्यासमोर तुम्ही ब्लडप्रेशर वाढल्याचं सांगत नसणार. बायको नावानं हाक मारत असली तरी तिच्याशी होणाऱ्या बोलण्यातलं निम्मं फी, गॅस, आईची औषधं आणि उद्या डबा कोणता यातच संपतं. यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. संसार चालवणाऱ्या दोन माणसांमध्ये तेवढं बोलावंच लागतं.

म्हणजे तुम्हाला सातवीतल्या टोपणनावानं हाक मारू शकणारी माणसं जगात तीन उरली आहेत आणि त्यांना तुम्ही दोन वर्षं भेटलेला नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात 26 वर्षं कल्याण अधिकारी होते. 1948 च्या कारखाने कायद्यानं 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे ही जागा भरणं बंधनकारक केलं, म्हणून माझी नेमणूक झाली. नाहीतर मशीन शॉपमध्ये साडी नेसलेली बाई कोणाला हवी होती? कॅन्टीनच्या तक्रारी, कर्जाचे अर्ज, गैरहजेरी, दारू, घरातली भांडणं, सगळं माझ्या टेबलावर यायचं. गेली नऊ वर्षं स्वतंत्रपणे समुपदेशन करते आणि आता येणारे बहुतेक तुमच्याच पट्टीतले असतात. पस्तीस ते पन्नास, हुद्दा बरा, गृहकर्ज चालू, झोप अर्धवट. 'काम आणि घर' असं सुरू करतात. तासभर बोलल्यावर मी विचारते, हे सगळं आणखी कोणाला सांगितलंय? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. 'कोणाला सांगणार?'

म्हणून तुमच्या प्रश्नाची मांडणी मला आधी बदलावीशी वाटते. एका पारड्यात काम, दुसऱ्यात घर, आणि मैत्री म्हणजे वेळेत वाटा मागणारा तिसरा, असं तुम्ही धरलंय. मी मैत्रीकडे वेगळ्या नजरेनं बघते आणि ते तुम्हाला तुमच्या शॉप फ्लोअरच्या भाषेत सांगता येईल. तुमच्याकडे मोजमापाचे गेज कॅलिब्रेशनला जातात ना? रोजच्या वापरात गेज हळूहळू झिजतो. झिजलेल्या गेजनं मोजलं की चुकीचा जॉबही बरोबर दिसतो आणि ऑपरेटरला काहीच कळत नाही, कारण त्याच्या हातातलं मापच सरकलेलं असतं. म्हणून तो ठरावीक मुदतीनं मास्टरशी, म्हणजे मूळ मापाशी, ताडून बघायचा असतो.

माणसाचंही असंच होतं. रात्री साडेदहाला फोन घेणं पहिल्या वर्षी खटकतं, तिसऱ्या वर्षी सवय होते, पाचव्या वर्षी फोन आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. कंपनीतल्या सहकाऱ्याला ते दिसत नाही, कारण तोही तसाच झिजलेला आहे. बायकोला दिसतं, पण तिनं सांगितलं की तक्रार वाटते. जुन्या मित्राकडे तुमचं मूळ माप आहे. तुम्ही किती बोलायचात, कशावर हसायचात, किती वेळ गप्प राहू शकायचात हे त्याला ठाऊक असतं. 'काय रे, झालंय काय तुला?' हे त्यानं विचारलं की आपण लगेच बचाव करायला उठत नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बँकेत अधिकारी असलेल्या एक बाई बदलीवर बाहेरगावी एकट्या राहत होत्या. नवरा-मुलगा इथे इंदिरानगरला. दर बुधवारी रात्री शाळेतल्या मैत्रिणीला फोन, वीस मिनिटं, गेली कित्येक वर्षं. घरच्यांना रोजच्या व्हिडिओ कॉलवर सगळं ठीक दिसायचं. एका बुधवारी मैत्रीण म्हणाली, 'तीन महिने झाले, तू मला एकदाही मध्येच तोडलं नाहीस. तू असं शांत ऐकून घेणारी बाई नाहीस.' बाईंना आधी राग आला, मग रडू. त्या आठवड्यात त्या डॉक्टरकडे गेल्या. नैराश्य होतं, बऱ्यापैकी वाढलेलं. औषध आणि समुपदेशनानं सावरल्या. नवऱ्याचं प्रेम कमी होतं असं मुळीच नाही. पण नवऱ्याशी बोलताना त्या ठीक असल्याचं काम करत होत्या आणि मैत्रिणीशी बोलताना ते करायचं विसरून गेल्या.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुम्ही प्रॉडक्शनचे आहात आणि आकड्याशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी मैत्री व्हायला किती वेळ लागतो याचा अभ्यास केला. ओळखीचं रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला साधारण 50 तास, मित्र म्हणण्याइतपत जवळ यायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त तास एकत्र घालवावे लागतात असं त्यांना आढळलं. त्यातही नुसतं शेजारी बसून काम केलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, टवाळक्या यात गेलेला वेळ मोजायचा. शाळेत तुम्ही हे 200 तास एका सत्रात उडवले असतील, कोणाला कळलंही नाही. आता 39 व्या वर्षी नवा माणूस शोधून महिन्याला दोन तास दिलेत तर वर्षाचे 24 होतात. 200 भरायला आठ वर्षांहून जास्त. तुम्ही 47 चे व्हाल.

जुने मित्र सांभाळा असं मी म्हणते त्यामागे हा इतका रोकडा हिशेब आहे. भावनेचा भाग वेगळा.

(याला अपवाद आमच्या घरातच होता. माझे यजमान वीस-बावीस वर्षं पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला अपडाऊन करायचे. ही गाडी 1975 पासून चालते आणि पासधारकांचं ते एक वेगळं गावच आहे. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला चढायचं, कसारा घाट उतरेपर्यंत पत्त्यांचा डाव रंगात आलेला. जाऊन-येऊन रोजचे सात तास. हॉल यांचे 200 तास त्या डब्यात सव्वा महिन्यात भरतात! यजमानांची बायपास झाली तेव्हा रक्त द्यायला नातेवाइकांच्या आधी डबा हजर होता. मी तोपर्यंत त्या पत्त्यांवरून त्यांना पुष्कळ बोललेली होते, नंतर गप्प बसले.)

आरोग्याचंही थोडक्यात सांगते. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. हार्वर्डमध्ये 1938 पासून चाललेला दीर्घ अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतो. पन्नाशीत नात्यांमध्ये समाधानी असलेली माणसं ऐंशीत जास्त धडधाकट होती आणि त्यांचं भविष्य कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा या समाधानावरून जास्त नीट ओळखता आलं. यात 'नाती' म्हणजे बायको-मुलंही आली, फक्त मित्र नव्हेत, हे लक्षात असू द्या. 'मॅडम म्हणाल्या मित्रांना भेटलं की आयुष्य वाढतं' असं घरी जाऊन सांगू नका.

पण मला स्वतःला पटवलं ते कुठल्या अभ्यासानं नाही, व्हीआरएसनं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीनं. आमच्या कंपनीत ती योजना आली तेव्हा पंचेचाळीस-पन्नासच्या माणसांना कागद समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. पैसे सगळ्यांना मिळाले, थोडे कमी-जास्त. सहा महिन्यांनी मी एकेकाच्या घरी गेले तेव्हा फरक डोळ्यांना दिसत होता. टूलरूममधला एक कारागीर होता, हाताचा सोन्यासारखा, सगळी कंपनी त्याला मान द्यायची. पण त्याचं सगळं जग गेटच्या आत होतं. गेट पास जमा केला त्या दिवशी मित्रही जमा झाले. दुपारी तीनला तो गच्चीवर जाऊन शिफ्टच्या बस बघत उभा राहायचा, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. त्याच खात्यातला दुसरा एक जण, कामाला यथातथाच, दांड्या मारणारा. पण जुन्या नाशकातल्या तालमीतली त्याची माणसं तशीच होती. त्यातल्याच एकानं त्याला स्वतःच्या दुकानामागची जागा दिली, तिथे त्यानं लेथ टाकलं. कंपनीत असताना मी याच माणसाला तीन वेळा समज दिली होती. कामगार म्हणून पहिला दहा पट चांगला होता, यात आजही शंका नाही.

तेव्हा कंपनीतल्या मैत्रीबद्दल एक सावधगिरी बाळगा. ती खोटी असते असं मी म्हणणार नाही. माझी सगळ्यात जवळची एक मैत्रीण कंपनीतलीच आहे. पण कंपनीतली मैत्री खरी आहे की नाही हे तुमच्यापैकी एकानं कंपनी सोडल्यावरच कळतं. त्याआधी प्रमोशन, अप्रेझल, कोणाचा माणूस कोण, हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं. नोकरीवरून मन उद्विग्न झालंय हे जिथे बोलायचं, ती जागा नोकरीच्या बाहेर हवी.

'बसणं' हेही मैत्रीत धरू नका. आठवड्यातून दोनदा बसणारे आणि एकमेकांच्या मुलांची नावं माहीत नसलेले लोक मी ढिगानं पाहिलेत. ग्लास काढून घेतला तर टेबलावर काय उरतं, एवढं विचारून बघायचं.

पैशाचा विषय निघाला की मला पांडवलेण्यांतला एक शिलालेख आठवतो. त्रिरश्मी डोंगरावरच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात यानं दिलेल्या दानाची नोंद आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. त्यानं 3000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेवली. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं आणि 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजानं. 2000 च्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी बारा-बारा कार्षापणं मिळायची. गुणाकार करून बघा, वर्षाचे 240 बरोबर जुळतात. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. अट एकच, मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज भोगायचं.

जुन्या मित्राकडून मोठी रक्कम उसनी घेणं किंवा त्याला कर्जाला जामीन उभं करणं म्हणजे मुद्दलाला हात लावणं. पंचवीस वर्षांची मैत्री दीड लाखावरून तुटलेली मी पाहिली आहे आणि दोघंही बिचारे प्रामाणिक होते. द्यायचेच असतील तर परत नाही आले तरी चालतील एवढेच द्या, आणि देताना मनातल्या मनात सोडून द्या. भिशी लावायची तर ती शेजाऱ्यांत लावा.

आता तुमच्या घरातल्या प्रश्नाकडे. 'रविवार एकच मिळतो' हे तुमच्या पत्नी म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्यांच्या वाक्यात एक न बोललेला अर्धा भाग असावा असा माझा अंदाज आहे. मी तुम्हाला उलट विचारते, त्यांच्या मैत्रिणी कुठे आहेत? नावं सांगता येतील तुम्हाला?

आपल्याकडे लग्नात मुलगी घर बदलते, गाव बदलते, अजूनही बऱ्याच जणी आडनाव बदलतात. शाळेतली मैत्रीण तिला शोधायला निघाली तरी कोणत्या नावानं शोधणार? तुमचे तिघं मित्र दोन वर्षांत भेटले नाहीत म्हणून तुम्हाला रुखरुख लागली. ती ज्यांच्याबरोबर सातवीत डबा खायची त्या मुली तिला लग्नानंतर एकदाही भेटल्या नसतील आणि त्याची रुखरुख वाटायलाही तिला सवड झाली नसेल. शाळेतल्या सहकारी शिक्षिका असतात, पण त्या पुन्हा नोकरीतल्या. अशा वेळी तुम्ही 'मित्रांना भेटून येतो' म्हणालात की तिला ते सुट्टीवर जाणाऱ्या माणसासारखं वाटणार. स्वतःची सुट्टी तिनं कधी घेतलेलीच नाही.

म्हणून माझी सूचना अशी. महिन्यातला दुसरा रविवार तुमचा. सकाळी सात ते अकरा, त्यापुढे नाही. तिसरा रविवार तिचा, दिवसभर. त्या दिवशी मुलगी, आई, स्वयंपाक, पाहुणे सगळं तुमच्याकडे. तिला कुठे जायचं, कोणाला भेटायचं, की नुसतं झोपायचं, हे विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात ती म्हणेल, 'मला कुठे जायचंय?' तिसऱ्या महिन्यात मैत्रिणीचा नंबर शोधून काढेल. हे मी आठ-दहा घरांत करून पाहिलंय. दोन घरांत फसलं, कारण नवऱ्यानं स्वतःचा रविवार घेतला आणि तिच्या रविवारी ऐनवेळी कंपनीचं ऑडिट निघालं.

दुसराच रविवार का? महिनाअखेरीला तुमच्याकडे डिस्पॅचची मारामारी असते हे मला सातपूरपासून ठाऊक आहे. चौथा रविवार ठरवलात तर तीन महिने लागोपाठ चुकेल आणि मग ग्रुपवर पुन्हा केकचे फोटो. पहिल्या रविवारी मागच्या महिन्याचा शीण असतो. दुसरा बरा पडतो.

तारीख ठरलेली असणं हाच यातला कळीचा भाग आहे. 'भेटू एकदा निवांत' हे वाक्य मी मैत्रीचा मृत्युलेख समजते. चार कामाच्या माणसांना एकाच वेळी निवांतपणा कधीच मिळत नसतो. त्यांच्यासाठी दिवस आधीच अडवून ठेवावा लागतो. रंगपंचमीला बघा ना. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे हौद, वर्षभर रस्त्याखाली झाकलेल्या असतात, वरून गाड्या जातात. त्या एका दिवशी उघडतात, रंग कालवला जातो, आणि पुण्या-मुंबईला गेलेली पोरं त्यासाठी येतातच. कोणी कोणाला जमेल का विचारत नाही. तिवंध्याच्या किंवा शनी चौकाच्या रहाडीत उडी मारलेले पन्नाशीचे गृहस्थ मी पाहिलेत, दुसऱ्या दिवशी पाठ धरून बसलेले. तुमचा पुण्याचा मित्र महिन्याला येणार नाही. त्याच्यासाठी वर्षातून दोनच दिवस पक्के धरा, रंगपंचमी आणि दिवाळीतला एक. बाकीच्या महिन्यांत रविवारी भेटल्यावर त्याला तिघांनी मिळून फोन लावायचा, पाच मिनिटं पुरतात.

प्रत्येकाचं वेळापत्रक ओळखून चालावं लागतं. द्राक्षवाल्याला ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बोलावू नका आणि काढणी सुरू झाली की त्याचा फोन लागला तरी नशीब समजा. व्यापारी, भाव, वर आभाळ आलं की पोटात गोळा. त्या महिन्यांत तुम्हीच बागेवर जा. गाडीवर दिंडोरीला जायला किती वेळ लागतो? मुलीलाही न्या, हवं तर. मेडिकलवाल्याला संध्याकाळ कधीच मिळायची नाही, त्याच्यासाठी सकाळच. सुदैवानं आपल्या गावात रविवार सकाळची मिसळ हा सर्वमान्य धर्म आहे, त्यामुळे कारण शोधायला लागत नाही. मिसळीच्या टेबलावर कोणी 'आपण मैत्री टिकवायला जमलोय' असं म्हणत नाही, पावाची दुसरी प्लेट मागवतो एवढंच.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक, 26 वर्षांच्या निरीक्षणातून. बायका समोरासमोर बसून बोलू शकतात. पुरुषांना शेजारी-शेजारी लागतं. गाडीवर मागे बसलेला असताना, अंजनेरी चढताना, कोणाची मोटर दुरुस्त करताना तोंडातून एकदम निघतं, 'यार, घरी जरा बिनसलंय.' समोर बसवून 'बोल, काय झालं' म्हटलं की काहीच झालेलं नसतं. म्हणून हॉटेलातल्या एसी हॉलमध्ये गेट-टुगेदर वगैरे भानगडीत पडू नका. तिथे फोटो निघतात. काहीतरी करायला निघा.

आणि दोन भेटींच्या मध्ये? ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणं बंद करा, ही माझी व्यक्तिगत चीड समजा. सकाळच्या त्या गुलाबानं आपण संपर्कात आहोत असा समज होतो आणि तो फार महागात पडतो. त्याऐवजी कंपनीतून परतताना पाथर्डी फाट्याच्या जॅममध्ये अडकाल तेव्हा गाडी बाजूला घेऊन एकाला फोन करा. चार मिनिटं. विषय काहीही चालेल.

'दोन वर्षांनी अचानक फोन केला तर काय वाटेल?' हा विचार तुमच्या मनात येणार, कारण सगळ्यांच्याच येतो. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नेमकं हेच तपासलं. आपण आठवण काढल्याचं समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज माणसं नेहमी कमी बांधतात. आणि फोन जितका अनपेक्षित, तितकं त्याला जास्त बरं वाटतं. मला हे वाचायच्या आधी अनुभवानं कळलं होतं आणि त्या अनुभवात माझी बाजू चांगली नाही. कॉलेजातली माझी मैत्रीण. तिची आई गेली तेव्हा आमच्याकडे युनियनच्या वाटाघाटी चालू होत्या. मी गेले नाही, चार ओळींचा मेसेज पाठवला. मग लाज वाटली म्हणून फोन केला नाही, आणि फोन केला नाही याची आणखी लाज. अशी बारा वर्षं गेली. शेवटी एकदा सोमेश्वरला गेले होते, आम्ही दोघी तिथे ज्या पायरीवर बसायचो ती दिसली आणि तिथूनच फोन लावला. ती एवढंच म्हणाली, 'किती उशीर केलास गं.' आईच्या वेळचं तिनं नंतर विचारलंच, तासाभरानं. उत्तर देताना मला फार जड गेलं. पण ते विचारण्याइतकी मी तिच्यासाठी अजून उरले होते.

तुमच्यात तर तसलं काही घडलेलंही नाही, फक्त दिवस गेलेत.

वेळेबद्दल एक शेवटचं, कारण ते तुम्ही टाळताय. सकाळी आठ ते रात्री आठ, सहा दिवस, हे 72 तास झाले. 1948 च्या कायद्यानं कामगाराला आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, पण देखरेख आणि व्यवस्थापनातल्या माणसांना तिच्यातून वगळायची सोयही ठेवली. त्यामुळे तुमचे तास मोजणारं कोणी नाही. महिन्यातले चार तास मित्रांना दिल्यानं घराचा वेळ जातो असं तुम्हाला वाटतंय. घराचा वेळ आधीच दुसरीकडे गेलाय आणि त्याबद्दल कंपनीत तुम्ही एक शब्द बोललेला नाही. रात्रीच्या ब्रेकडाऊनचा पहिला फोन शिफ्ट इनचार्जनं कोणाला करायचा आणि कितव्या मिनिटानंतर तुम्हाला करायचा, एवढं कागदावर लिहून घ्यायला हरकत काय? मी हे सुचवल्यावर तुम्ही 'आमच्याकडे चालत नाही' म्हणाल. मेडिकलवाल्या मित्रानं सुचवलं तर शिवी घालाल आणि सोमवारी करून बघाल.

मित्र सगळं निभावतील असं मात्र धरू नका. झोप सलग काही आठवडे उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मिसळ आणि गप्पा हा त्यावरचा इलाज नाही. डॉक्टरकडे जायचं, मित्राला फार तर सोबत न्यायचं. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या टप्प्यावर आहात असं मला वाटत नाही, तरी नंबर ठेवा. चौघांपैकी कोणाला कधी लागेल सांगता येत नाही.

आता आज रात्री ग्रुपवर काही लिहू नका. ग्रुपवर लिहिलं की तिघंही अंगठा दाखवतात आणि येत कोणीच नाही. मेडिकल बंद व्हायच्या वेळी दुकानावर जा. आईची औषधं आणायची आहेतच, नाहीतरी. काउंटरवरूनच दिंडोरीला फोन लावा आणि दुसऱ्या रविवारचं तिथल्या तिथे ठरवून टाका. घरी आधी सांगून मगच निघा, तिसऱ्या रविवारसकट. आणि त्या रविवारी मिसळीला साडेसातच्या आत पोचा, नंतर बाहेर नंबर लावून उभं राहावं लागतं.